अंघोळीचं गाणं टोरोंटोला गेलं, त्याची हकिगत

दिवाळीच्या फराळाबरोबर परदेशी गाणी पाठवली की ती आपल्या घरातून जातात, हे आमच्या गडहिंग्लजमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाठवलेलं गाणं मग आपल्या तोंडी येत नाही. रेडिओवर लागलं तरी आपल्या घरात नुसती खरखर. म्हणून टोरोंटोच्या लेकीला, वृषालीला, प्लेलिस्ट पाठवताना मी हात राखून भरते. थोडी भावगीतं, एखादी जास्तीची आरती, आणि शेजारच्या वहिनींनी आग्रहाने आणून दिलेली, आम्हाला नको असलेली गाणी.

यंदा घोळ झाला. मी फोन घेऊन न्हाणीघराच्या दारापाशी बसले होते, कारण आमच्याकडे रेंज तिथेच येते. आत आमचे हे अंघोळ करत होते. यांना जन्मात एकच गाणं येतं, तेही स्वतःचंच. बोल कुणालाच कळत नाहीत, मध्ये तीनदा ‘गं’ येतं आणि शेवटी तांब्या बादलीवर आपटतो. मी भरायला आणि यांनी ‘गं’ म्हणायला एकच गाठ पडली. मी बटण दाबलं आणि गेली प्लेलिस्ट.

दुसऱ्या दिवशी हे तांब्या हातात धरून न्हाणीघरात उभेच राहिले. बऱ्याच वेळाने कोरडेच बाहेर आले.

“गाणं नाही,” म्हणाले. “गाण्याशिवाय पाणी अंगावर घेता येत नाही.”

तेव्हापासून अंघोळ बंद. हे अत्तर लावून हिंडायला लागले. ते एक वेळ चाललं असतं, पण नरक चतुर्दशी तोंडावर आलेली. त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत न्हायलं नाही तर माणूस नरकात जातो. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस एका बटणापायी नरकात घालवायचा, म्हणजे माझ्या जिवाला घोर.

मी फराळाच्या पार्सलवाल्याकडे गेले; गाणीही जातात ती त्याच्याच मार्फत. काउंटरवर कोरगावकर म्हणून गृहस्थ होते.

“घरी प्रत ठेवली नव्हती का, काकू?”

“चकलीची ठेवता का तुम्ही?”

त्यांना ते पटलं. “मग मुलीला परत पाठवायला सांगा. फक्त यादी रिकामी नको. रिकामी आम्ही घेत नाही.”

“यांचं गाणं असेल की त्यात.”

“तुमचंच तुम्हाला परत, म्हणजे रिकामीच. शेजारणीचा डबा तुम्ही कसा परत करता?”

शेजारचा डबा मी चार साखरेचे दाणे तरी घातल्याशिवाय आजवर परत केलेला नाही.

घरी येऊन वृषालीला स्पीकरवर फोन लावला. हे शेजारीच बसले होते, अत्तरासकट.

“अगं आई, घालायला काही नाही गं घरात,” ती म्हणाली. “आम्ही दोघं कानात घालून ऐकतो. आमची गाणी कानातच राहतात. आणि दुसरं म्हणजे, शर्वी.”

शर्वी म्हणजे माझी नात. तीन वर्षांची. पाणी बघितलं की रडून इमारत गोळा करायची.

“बाबांचं गाणं आल्यापासून ती गुपचूप न्हाते. स्वतःच म्हणते. मी काय करू सांग.”

मी यांच्याकडे बघितलं.

“राहू दे तिकडंच,” म्हणाले. फोन ठेवल्यावर मला विचारलं, “नरकात स्वेटर लागेल का गं?”

“तिथं उकडतं म्हणतात.”

“मग नको.” आणि कपाट लावून टाकलं.

या माणसाने मला गाणं म्हणून कधी ऐकवलं नाही, पण इतकी वर्षं त्या ‘गं’वरच मी कुकर लावत आले होते. आणि मग कुकर लावता लावताच सुचलं. खरखर रेडिओला; गाणं आता जिचं झालंय तिच्याच तोंडून फोनवर आलं तर कशाला खरखरेल? आपली पहाट म्हणजे त्यांची संध्याकाळ, आणि पोरगी न्हाते संध्याकाळी.

नरक चतुर्दशीला अंधारातच यांना उठवलं. तेल चोळलं, उटणं लावलं. पायाखाली कारीट फोडून हे आत गेले. मी फोन दाराबाहेर स्टुलावर ठेवला. तिकडे वृषालीने नळ सोडला.

शर्वी सुरू झाली. बोल नाहीत, सूर नाही, अगदी यांच्यासारखंच. पहिल्या ‘गं’ला आत पाणी पडल्याचा आवाज आला. दुसऱ्याला आला, तिसऱ्यालाही आला. शेवटी तिने तिकडे प्लास्टिकचा मग आपटला, यांनी इकडे तांब्या आपटला, आणि दोन्ही एकदमच वाजले.

हे ओलेचिंब बाहेर आले. डोळे लाल.

“साबण गेला डोळ्यात,” म्हणाले.

साबण माझ्या हातात होता, अजून कागदातच. तो मी पदराआड धरला आणि यांना पंचा दिला.