मच्छरदाणीतला कॅमेरा

आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ माझं नेहमी चुकतं, आणि अक्षर असं की किराण्याची यादी मीच लिहिते आणि दुकानात मलाच जाऊन वाचून दाखवावी लागते. हे काही कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण काशिनाथभावोजींबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि ते स्वतः लिहायचे नाहीत. सही करायची म्हटली तरी म्हणतात, "हे पेन चांगलं न्हाय."

भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. भिवंडीत आमच्या गल्लीतले डास कसे आहेत ते गल्लीत राहणाऱ्यालाच माहीत. म्हणून मी भावोजींना एक मच्छरदाणी आणून दिली. तर मच्छरदाणीत झोपायचा कॅमेरा, आणि भावोजी बाहेर चटईवर, स्वतःला चापट्या मारत.

मी विचारलं, "भावोजी, डास कॅमेऱ्याला चावतात का?"

"डासांचं काय घेऊन बसलात वहिनी? रुईचं बघा. रुई आत गेली की मशीन गेलं."

ते खरं होतं. भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. कापसाचे बारीक तंतू सारखे उडत असतात, त्याला इथे सगळे रुईच म्हणतात. ती आमच्या भातात पडते, देवाच्या फोटोवर बसते, आम्ही तिच्याकडे बघतही नाही. भावोजी त्याच कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं एकाच वाक्यावर येऊन थांबायचं, "मशीन पाहिजे, मशीन!"

हे म्हणायचे, "हात पाहिजे, हात. तुझ्या हातात सोन्याचा कॅमेरा दिला तरी तू माणसाचं मुंडकंच उडवणार."

"मुंडकं उडतं ते लेन्समुळे. लूम वाकडा असला तर कारागीर काय करील?"

दोघं भाऊ जेवताना हे भांडण काढायचे आणि माझी भाकरी करपायची.

खारबावला आमच्या भाचीचं लग्न होतं. भावोजी दोन बॅगा घेऊन आले. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घालून झाले, आणि भावोजी अजून लेन्स बदलत खाली बसलेले. उठले आणि भटजींना म्हणाले, "परत एकदा पडदा धरा, मी तयार हाय."

भटजी म्हणाले, "लग्न एकदाच लागतं हो."

मग अकलोलीला गेलो होतो, गरम पाण्याच्या कुंडावर. अख्खा रोल धुऊन आला तो पांढराफेक. वाफ काचेवर बसली होती, एवढंच. पण भावोजी दुकानदाराशी भांडले, "गरम पाण्याचा फिल्टर ठेवा ना तुम्ही!" दुकानदाराने मान हलवली आणि दुसराच कुठला तरी फिल्टर त्यांच्या गळ्यात मारला.

आता माझं सांगते. मी शेजारच्या बायकांचे ब्लाउज हातानेच शिवते. शिलाई मशीन घ्यायची म्हणून डाळीच्या डब्याच्या तळाशी पैसे साठवत होते. ह्यांना ते माहीत नव्हतं. भावोजींना कसं कळलं देव जाणे. एक दिवस ओट्याजवळ येऊन उभे राहिले.

"वहिनी, मोठा फ्लॅश मिळतोय. जुना हाय, पण एकदम पावरफुल. फ्लॅश आला की फोटो कसे येतील बघा. तुमचे पैसे गौरी-गणपतीपर्यंत परत."

मी म्हटलं, "पण ते मशीनचे..."

"तुम्हाला कशाला मशीन? तुमचा हात किती चांगला हाय!"

हे माणूस बोलतंय, ज्याला सहीलाही पेन चांगलं लागतं! मला हसू आलं आणि रडूही आलं. पण मला तोंडावर नाही म्हणता येत नाही, कोणालाच. दिले.

गौरी आल्या आणि गेल्या. पैशाचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. सुईने बोटं टोचून घेत मी शिवत राहिले.

तेवढ्यात इद्रीसचं झालं. इद्रीस लूमवरचा पोरगेला कारागीर, उत्तरेकडचा, गावी आई एकटी. तिला फोटो पाठवायचा होता. भावोजींनी शिफ्ट सुटल्या सुटल्या त्याला आमच्या दारात स्टुलावर बसवलं, स्वतःचा इस्त्रीचा शर्ट त्याच्या अंगात घातला, मागे कोरं कापड लावलं आणि मोठा फ्लॅश उडवला. फोटो आला. मुंडकंसुद्धा जागेवर. भावोजी गल्लीभर दाखवत फिरले, "बघा, मशीन!"

फोटो गावी पोहोचला असेल तेव्हा एका सकाळी इद्रीस धावत आला. "काशीभाई, अम्मा फोन पे रो रही है. बोलती है, मेरा बेटा बूढ़ा हो गया, तुम लोगों ने क्या खिलाया उसको?"

आम्ही सगळ्यांनी फोटोची दुसरी प्रत पाहिली. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानावरचे केस पांढरे. शिफ्टवरून उठलेल्या माणसावर रुई असतेच, म्हणून कोणाला दिसलीच नव्हती. फ्लॅशने तिला चांदीसारखं चमकवलं होतं.

हे खो खो हसले. "घे, पावरफुल फ्लॅश!"

भावोजी हसले नाहीत. त्यांनी लेन्स पुसायचा मऊ ब्रश काढला, ज्याला मी चुकून हात लावला तरी ओरडायचे तो. इद्रीसला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि त्याच्या भुवया झाडायला लागले. हळूहळू, एकेक केस. पापण्या मिटायला सांगून पापण्या. इद्रीसला गुदगुल्या होत होत्या. तो हसला, तेव्हा बटण दाबलं. फ्लॅश बॅगेतच होता.

ह्या वेळी आईचा फोन आला तो म्हणे चांगला आला.

मग रांग लागली. प्रत्येकाला आईला, बायकोला फोटो पाठवायचा. भावोजी सगळ्यांच्या भुवया झाडायचे. ब्रशचे केस गळायला लागले. एकदा मी म्हटलं, "भावोजी, तो ब्रश लेन्सचा ना?"

ते ब्रशकडे बघत म्हणाले, "वहिनी, पोरगा म्हातारा झाला म्हणून रडणारं कोणीतरी हाय त्याला. तेवढ्यासाठी तरी फोटो बरा यायला पाहिजे." मग ब्रशचा गळलेला केस उचलत, "सगळ्यांना कुठे असतं?"

त्यानंतर मोठा फ्लॅश विकला गेला. घेतला त्याच्या निम्म्याने. ते पैसे त्यांनी गुपचूप डाळीच्या डब्यात ठेवले. बाकीचे दर पगाराला थोडे थोडे, ह्यांची पाठ फिरली की.

परवा शेवटचे आणून दिले. "झाले वहिनी. आता मशीन घ्या. हात तर तुमचा हायच."

काय झालं मला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून काही मागितलं. म्हटलं, "बसा स्टुलावर. तुमचा फोटो मी काढते."

"माझा? कोणाला पाठवायचा?"

"बसा."

ते नुकतेच शिफ्टवरून आले होते. मी ब्रश घेतला आणि त्यांच्या भुवया झाडल्या. रुई उडाली. परत झाडल्या. आणखी एकदा. उरलेलं पांढरं निघेना.

"निघाली काय सगळी?"

"निघाली," मी म्हटलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. भावोजी धूसर दिसायला लागले.

"वहिनी, फोकस फिरवा. का मशीन बिघडलं?"

"न्हाय हो भावोजी. मशीन चांगलं हाय."

बटण दाबलं. मग आत जाऊन पैसे डाळीच्या डब्यात ठेवले. सगळे आले होते, एक रुपया कमी नव्हता.