टेपसाहेब सभेला जातात

"सभेला? तुम्ही?" बायकोच्या हातातली इस्त्री शर्टावर तशीच थांबली. "अहो, ते तुमचंच खातं बंद करायला निघालेत ना?"

"इस्त्री उचल, शर्ट जळेल," टेपसाहेब म्हणाले. "आणि मी काही सभा ऐकायला नाही चाललोय."

मग कशाला चाललेत, हे बायकोला ठाऊक होतं. तिनं शर्ट पुढे केला.

टेपसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते नगरपालिकेच्या पाट्या खात्यात निरीक्षक होते. कुठल्या दुकानाची पाटी फुटपाथवर किती बाहेर आली, हे मोजायची टेप त्यांच्या खिशात कायम असे. कुणाकडे चहाला गेले तरी चहा येईपर्यंत ते गॅलरी मोजून घेत. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं किल्ल्या बनवायचं दुकान काढलं आणि दारावर भलीमोठी लाकडी किल्ली टांगली. किल्ली नियमापेक्षा चार बोटं बाहेर होती. दुसऱ्या बापानं त्या चार बोटांकडे काणाडोळा केला असता. टेपसाहेबांनी नोटीस दिली, मुदत संपल्यावर शिडी लावून किल्ली स्वतःच्या हातानं उतरवली, आणि वर लेकीला म्हणाले, "पोच म्हणून इथं सही कर." तिनं सही केली. मग बॅग भरली आणि दुकानाच्या माळ्यावर राहायला गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

टेपसाहेबांना करमेना. रोज कचेरी सुटली की ते लांबचा फेरा घेत, समोरच्या फुटपाथवरून दुकानातला उजेड बघत आणि घरी येऊन 'आज गिऱ्हाईक होतं बरं का' एवढंच सांगत. "अहो, एक फोन करा की," बायको म्हणे. "चूक तिची होती," ते म्हणत, आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत राही. नियमानं चूक तिचीच होती, यात शंका नाही. पण नियम काही संध्याकाळी दार उघडून 'बाबा' म्हणत नव्हता. त्या एका हाकेसाठी माणूस आतून वाळत चालला होता, आणि हे त्यांना कुठल्याच अर्जात लिहिता येत नव्हतं.

त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीला एक दंतवैद्य उभा होता. ना पक्ष, ना घराणं, ना अनुभव. सरकारनं माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं, परवाने, शिक्के आणि नोटिसा बंद कराव्यात, एवढंच त्याचं म्हणणं. "खातं किडलंय, काय करायचं?" तो विचारी, आणि मैदान गरजे, "उपटा!" लेक त्याच्या प्रचाराला हिरिरीनं लागली होती आणि आज मंचावरून बोलणार होती. म्हणजे टेपसाहेबांना ती तासभर तरी डोळे भरून दिसणार होती.

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिट्ट्या, कर्णे, आणि ज्याच्या त्याच्या हातात दंतवैद्याची निशाणी, दात उपटायची पक्कड. टेपसाहेब धक्के खात पुढे सरकले. मंचावर लेक बसली होती. वाळली होती. मग सवयीनं त्यांची नजर वर गेली आणि तिथंच खिळली. लेकीच्या बरोबर डोक्यावर होडीएवढी पक्कड लटकत होती, आणि तीही एका दोरीवर!

ते धावतच मंचामागे गेले. "ती पक्कड आधी उतरवा," त्यांनी तिथल्या कार्यकर्त्याला फर्मावलं.

"काका, घोषणा 'उपटा' आहे. 'उतरवा' नाही."

"थट्टा पुरे! एवढं वजन एका दोरीवर? परवानगी कुणी दिली?"

कार्यकर्त्याचा चेहरा खुलला. "आलात होय! किती हो उशीर! आणि काय आवाज लावलाय, व्वा!"

"कसला आवाज?"

"हाच, हाच! चेहराही असाच ठेवा."

त्याचं असं होतं, की दंतवैद्याच्या सभेत दर वेळी छोटं नाटुकलं होई. एक नट सरकारी अधिकारी बनून येई, नियम सांगे, लोक त्याची हुर्यो उडवत आणि दंतवैद्य त्याला पक्कड दाखवून हाकलून देई. आजचा नट आलाच नव्हता. कार्यकर्त्यानं टेपसाहेबांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना सरळ मंचावर ढकललं.

टेपसाहेबांना समोर हजारो डोकी दिसली आणि वर दोरी दिसली. त्यांनी दोरीची निवड केली. खिशातून टेप काढून मंच मोजायला सुरुवात केली. मैदान हसून लोटपोट झालं. "हा मंच बेकायदेशीर आहे!" ते ओरडले. टाळ्या. "पहिल्या रांगेतल्यांनी दोन पावलं मागं व्हा!" शिट्ट्या. बाया डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या, "अगदी आमच्या गल्लीत येतो तसाच हो मेला!"

दंतवैद्याला स्फुरण चढलं. "बघा, हीच ती कीड! काय करायचं हिचं?"

"उपटा!"

तो हातातली पक्कड परजत पुढे आला. त्यानं टेपसाहेबांची कॉलर धरली, शर्टाचं बटण तुटून उडालं. टेपसाहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते लेकीला हातानं खुणावत होते, सरक, बाजूला सरक.

लेक ताडकन उठली. "हात लावू नका त्यांना! बाबा आहेत ते माझे!"

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की दंतवैद्यालाही तीन वेळा वाकावं लागलं. लोकांना वाटलं, नाटकाचा शेवट बदललाय. टेपसाहेब मात्र जागच्या जागी उभे होते आणि ती हाक कानात साठवत होते.

सभा संपल्यावर कार्यकर्त्यानं ती टांगलेली पक्कड एका हातानं काढून काखेत मारली. थर्माकोलची होती. लेकीनं ते पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता गर्दीत निघून गेली.

दंतवैद्य मात्र घाम पुसत आला. "काका, उद्यापासून रोज या. आमचा नट तुमच्यापुढं अगदीच खोटा वाटतो. आणि शेवटचं ते वाक्य तसंच ठेवू. तिला मी सांगतो."

सरकारी नोकराला राजकारणात भाग घेता येत नाही. टेपसाहेबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी अर्ज टाकला: 'हौशी नाट्यप्रयोगात काम करण्यास परवानगी मिळणेबाबत.' वरच्या साहेबांनी न वाचता सही केली. मग रोज संध्याकाळी ते नव्या मैदानात जात, स्वतःचंच खातं किडलेलं असल्याचं ऐकत, कॉलर धरून घेत आणि त्या एका वाक्याची वाट बघत. लेक ते खणखणीत म्हणे. मंचाखाली मात्र पुन्हा अबोला.

प्रचाराच्या शेवटच्या सभेत ऐन वेळी लाउडस्पीकरचे कर्णे बंद पडले. लोक ओरडत होते, कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. दंतवैद्यानं कॉलर सोडली आणि कंटाळून हातानंच खूण केली, चला, उरका, खाली उतरा. आता ते वाक्य म्हणायचं काहीच कारण नव्हतं. टेपसाहेब उतरायला वळले.

लेक जवळ आली, त्यांची कॉलर नीट केली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "बाबा आहेत ते माझे."