बारा शब्दांचं पाकीट

"मॅडम, आपलं पाकीट फोडणारा चोर अजून जन्माला यायचाय!" नचिकेतनं व्हिडिओ कॉलवर ठोकून दिलं. तेवढ्यावर थांबला असता तर निभलं असतं. पण तो पुढं म्हणाला, "अन् वापरायला इतकं सोपं, की माझी आईसुद्धा चालवील!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! पुण्याच्या कंपनीतल्या अपर्णा मॅडमनी तेच धरलं. "छान. मग शुक्रवारी आईच चालवतील. मी बघते."

आता हे पाकीट खिशातलं नव्हे बरं का. क्रिप्टोची नाणी ठेवायचं, ब्राउझरच्या कोपऱ्यात बसणारं एक्स्टेन्शन. हिंगोलीत घरी बसून नचिकेतनं ते चार महिने खपून बनवलं होतं, अन् तेही मराठीत. नोकरी अजून कच्ची होती. शुक्रवारची चाचणी पार पडली तर पक्की, न्हाईतर हातात नारळ! चाचणी साधी होती. मॅडम कॉम्प्युटरवरून पाकीट पुसायला लावणार, अन् आईनं, म्हणजे कालिंदीबाईंनी, बारा गुप्त शब्द क्रमानं टाकून ते परत उघडायचं.

सोमवारी नचिकेतनं ते शब्द कागदावर लिहून आईच्या हातात दिले. हळद, कुलूप, नांगर, चिमणी, असे बारा.

"आई, हे शब्द हरवले तर सगळं गेलं. अन् दुसऱ्या कुणाला कळले तरी सगळं गेलं. समजलं?"

"मी काय लहान लेकरू हाये का?"

बाजूला पेपर वाचत बसलेल्या बाबांनी, व्यंकटरावांनीही मान डोलावली. नचिकेतला वाटलं, झालं काम. पण दोघांनीही अर्धंच वाक्य मनावर घेतलं होतं, हरवण्याचं!

व्यंकटरावांची सारी हयात कळमनुरीच्या तहसिलीत कारकुनी करण्यात गेलेली. एकच प्रत असलेला कागद घरात आहे म्हटल्यावर त्यांना जेवण गोड लागेना. मंगळवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेर पडले ते दुपारी परतले.

"कुठं गेला होता बाबा?"

"तुझंच काम करून राहिलो! त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक देवघरात, एक फाईलला, अन् एक देविदास सरांकडे. उद्या घराला आग लागली तर?"

नचिकेत ताडकन उठला. "देविदास सरांकडे काहून?"

"हेडमास्तर होते ते! सत्यप्रत म्हणून सही करून दिली. उगा न्हाई दिली, मूळ कागदाशी बराबर ताडून पाहिलं. मी वाचत गेलो, ते टिकमार्क करत गेले."

"वाचत गेला? मोठ्यानं?"

"मग! सरांना ऐकू कमी येतं. अन् सर भेटले झेरॉक्सच्या दुकानातच, तिथं गर्दी किती!"

नचिकेत डोकं धरून आईकडं वळला. "आई, तुझा कागद तरी कुठं आहे?"

"त्याचं काय काम? मी पाठच केलं की." कालिंदीबाई मजेत कणीक मळत होत्या. देवळातल्या पूजेअर्चेच्या घरात वाढलेली बाई ती. स्तोत्र असो की वाणसामानाची यादी, चाल लावली की जन्मभर विसरायची न्हाई. "हळद कुलूप नांगर चिमणीऽऽ, अशी चाल बसवली. भजनी मंडळाच्या पद्माबाई विरजण न्यायला आल्या होत्या, त्यांना लई आवडली!"

लई म्हणजे किती, ते गुरुवारी दुपारी कळलं. मारुतीच्या देवळाकडून टाळांचा आवाज येत होता. नचिकेत चप्पल न घालताच धावला. आत अठरा बाया तल्लीन होऊन त्याचं पाकीट गात होत्या! आणि पद्माबाई मधे थांबून अर्थ सांगत होत्या.

"बायांनो, फार खोल आहे हे. हळद म्हणजे देह. कुलूप म्हणजे माया. नांगर म्हणजे सद्गुरू."

"अन् चिमणी?" मागून कुणीतरी विचारलं.

"चिमणी म्हणजे आपणच की!"

"बंद करा!" नचिकेत ओरडला. "ते अभंग न्हाई, पासवर्ड आहे माझा!"

"असू दे की लेकरा," पद्माबाई प्रेमानं म्हणाल्या. "ग्रुपवर टाकलंय. नांदेडच्या मंडळानं दोनदा मागून घेतलं."

झालं! चोराला आता जन्म घ्यायचीसुद्धा गरज नव्हती, ग्रुपात आला तरी पुरे होतं. नचिकेत घरी आला अन् दार लावून कामाला बसला. आईचं जुनं पाकीट मोडलं, नवं काढलं, नवे बारा शब्द कागदावर उतरवून घेतले. ते दोन मिनिटांत पाठ केले, कागद फाडून मोरीत सोडला, वर दोन बादल्या पाणी ओतलं. घरात कुणाला चकार शब्द सांगितला न्हाई. चाचणीच्या वेळी एकेक शब्द आईच्या कानात सांगू, चाल लावायला वेळच द्यायचा न्हाई! आपल्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की त्यानं स्वतःच उठून चहा केला.

शुक्रवारी अकराला कॉल लागला. कालिंदीबाई जरीची साडी नेसून बसल्या होत्या. दारात अख्खं भजनी मंडळ उभं होतं.

"काकू, पाकीट पुसलंय. आता शब्द टाका," मॅडम म्हणाल्या. "नचिकेत, तुम्ही कानात काय सांगताय?"

सांगावं लागलं सगळं. ऐकून मॅडमनी दोनदा चष्मा पुसला. "म्हणजे शब्द फक्त तुम्हालाच माहीत? मग तुम्हीच टाका."

नचिकेतनं बोटं मोडली अन् झरझर टाकत गेला. अकरा शब्द पडले. बारावा...

बारावा आठवेना!

"मुसळ असंल, मुसळ टाक!" पद्माबाई दारातून म्हणाल्या. टाकलं. चूक.

"परात!" चूक. "जातं!" चूक. "बैल टाक, बैल कुठंबी चालतो!" चूक.

"तहसील," व्यंकटराव ठामपणे म्हणाले. घाईघाईत नचिकेतनं तेही टाकलं!

स्क्रीन लाल झाली. वर नचिकेतनंच मोठ्या हौसेनं लिहिलेला मजकूर उमटला: "पाच वेळा चुकलात. तुम्ही चोर असण्याची दाट शक्यता आहे. चोवीस तासांनी या."

"अरे, मला कालच सांगितले असते तर एव्हाना पाठ झाले असते," आई हळू आवाजात म्हणाली. नचिकेतला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मॅडम बराच वेळ काही लिहीत होत्या. "हे बघा, चाचणी वाया गेली नाही. साधा, विसरभोळा माणूस पाकीट कसं घालवून बसतो हेच आपल्याला बघायचं होतं. नोकरीचं तीन महिन्यांनी बघू. फक्त फॉर्मवर त्या माणसाच्या जागी मी काकूंचं नाव लिहिलंय, ते खोडते. तुमचं पूर्ण नाव सांगा."

नचिकेतनं तोंड उघडलं.

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या. "आठवून सांगा."