उजवीकडून रामरक्षा

नरहरराव मुन्शी रामरक्षा उजवीकडून डावीकडे वाचत. स्तोत्र सरळच, वही मात्र उर्दू लिपीतली, त्यांच्या वडिलांनी सुबक हातानं उतरवलेली. बदनापुरातली माझी पहिली सकाळ त्या आवाजानंच उजाडली. खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या ओसरीवर सोवळं नेसलेले, कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ डुलत डुलत म्हणताहेत आणि पानं भलत्याच बाजूनं उलटताहेत. आपण खरोखर परमुलखात आलो, अशी माझी तेव्हा खात्री पटली.

परमुलूखच तो. पुण्याहून निघून मनमाडला निजामाच्या गाडीत बसलो, तर हद्दीच्या नाक्यावर शिपायानं ट्रंक उघडून माझी इंग्रजीची व्याकरणं एकेक झटकून पाहिली. व्याकरणात मी काय लपवणार होतो, ते त्यालाच ठाऊक. शाळेला इंग्रजी शिकवणारा मिळत नव्हता म्हणून मला घेतलेलं. नावापुढे ‘गैरमुल्की’, म्हणजे बाहेरच्या मुलखातला, असा शेरा पडला. महिना कोणता म्हणून विचारलं, तर कारकून म्हणाला, "बहमन." तिथले महिनेही निराळे. पहिल्या रविवारी मी निवांत धोतरं धूत बसलो होतो. दारात मुन्शीजी उभे. शेरवानी गळ्यापर्यंत बंद, हातात छत्री.

"मास्तर, मदरसा भरून राह्यलाय. पोरं वाट पाहून राह्यली."

"आज रविवार ना?"

"बराबर. रविवारच आहे. सुट्टी जुम्म्याला असती. चला, पण अदबीनं चला, पळू नका."

‘अदबीनं’ हा त्यांचा लाडका शब्द. छडी मारायची तीही अदबीनं. ओसरीवरच्या मांजराला ते "तशरीफ न्या" म्हणत, आणि मांजर जात असे. शाळेत ते उर्दू शिकवत. तिथं सगळे विषय उर्दूतून. इंग्रजीचं भाषांतर करायचं तेही उर्दूत. मला तर त्यातलं अक्षर येत नव्हतं. तेव्हा इंग्रजी शिकवायला गेलेला मी मधल्या सुट्टीत मुन्शीजींपुढे अलिफ-बे गिरवत बसे आणि माझे विद्यार्थी खिडकीतून ती मजा बघत.

गावात त्यांचा मोठा दबदबा. आसपासच्या खेड्यांतला कुणीही कचेरीचा उर्दू कागद आला की तडक त्यांच्याकडे येई. मुन्शीजी एका नजरेत मजकूर सांगत आणि तिथल्या तिथे उत्तर लिहून देत. शाळा सुटली की मात्र घरात शिरून दार लावून घेत, ते दुसऱ्या सकाळीच उघडे.

एकदा मी त्यांना पुण्याहून आलेलं मराठी वर्तमानपत्र दिलं. त्यांनी ते जरा लांब धरलं, जरा जवळ धरलं, "कागद चांगलाय" म्हणाले आणि परत केलं. "हा चष्मा लांबचाय. जवळचा घरी राह्यला." त्याच चष्म्यानं त्यांनी थोड्या वेळापूर्वी माझ्या वहीतला राहून गेलेला नुक्ता, अक्षरावरचा एवढासा ठिपका, शोधून मला बोल लावला होता. मला भारी कुतूहल वाटलं. मी पाळतच ठेवली म्हणा ना. लग्नपत्रिका आली, चष्मा लांबचा. देवळाच्या भिंतीवर नवी पाटी लागली; तिथं लांबचा चष्मा चालायला हरकत नव्हती, तर नेमका डोळ्यात कचरा गेला.

पुढे एका जुम्म्याच्या दुपारी ते माझ्या खोलीवर आले आणि दार आतून लावून घेतलं.

"मास्तर, मला शिकवा."

मी इंग्रजीचं पहिलं पुस्तक काढलं.

"हे न्हाई. आपलं. बालबोध." ते जमिनीकडे बघत होते. "आमच्या घरी पाटीवर पयलं अक्षर अलिफच देत होते. नोकरी त्याच्यावरच. मराठी काय, बोलताच येती, मंग शिकायची कशाला? आता साऱ्या गावाचे कागद वाचणारानं कोणापुढं पाटी घेऊन बसावं? तुम्ही गैरमुल्की, तुमच्यापुढं चालतं."

मग त्यांनी शेरवानीच्या आतल्या खिशातून एक पत्र काढलं. मुन्शीजींची एकुलती एक लेक गोदी दोन वर्षांपूर्वी नगरला, इंग्रजी मुलखात दिलेली. सासरी ती लिहायला शिकली. तिनं पहिलं पत्र एका नातलगाच्या हाती पाठवलं आणि निरोप दिला, की हे आबांनी स्वतःच वाचायचं, दुसऱ्या कुणी नाही. त्याला महिना झाला होता. मी हात पुढे केला, तर त्यांनी मूठ मिटली.

"तिचा हुकूम आहे. येणारे-जाणारे सांगतेत, पोरगी खुशाल आहे. पण तकलीफ असली तर लेक दुसऱ्याच्या तोंडून कशी सांगंल? त्याच्याबिगर मीच वाचावं, असं का म्हणली असती?"

"मग नगरला जाऊन या ना."

"गेलो अन् पोरीनं इचारलं, पत्र वाचलं का, मंग?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की शिकवणी सुरू झाली. मी खाटेवर, ते खाली, शेरवानीची सगळी बटणं लावून. उस्तादाच्या बरोबरीनं बसायचं नाही म्हणे. हात पाटीच्या उजव्या टोकाला आपोआप जाई, मग स्वतःच जीभ चावत. धडा झाला की चहा होई, आणि चहा झाला तरी ते उठत नसत. मुन्शीजी नकला करतात आणि मोठ्यानं हसतात, हे मला तेव्हा कळलं. खरं सांगतो, त्या परक्या गावात मलाही संध्याकाळी खोली खायला उठे. मी त्यांच्या पावलांची वाट पाहू लागलो होतो.

चौथ्या जुम्म्याला ते म्हणाले, "आज वाचतो. तुम्ही ऐका. चुकलो तर थांबवा." एकेका अक्षरावर बोट ठेवत, घाम पुसत त्यांनी वाचलं:

"आबा, मी गोदी. मी सुखात आहे, काळजी नसावी. आपणाला बालबोध येत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी कुणाला सांगितलं नाही. आई गेली, मी इकडे आले. शाळा सुटली की तोंड उघडायला घरात कुणी उरलं नाही. हे वाचायचं तर कुणाकडे तरी रोज बसावं लागेल. बसा. घाई करू नका."

सबंध पत्रात पोरीनं एकही जोडाक्षर येऊ दिलं नव्हतं. मुन्शीजींनी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसत राहिले.

"वाचलं मास्तर. झालं मंग शिकणं," असं म्हणाले खरे, पण जागचे हलले नाहीत.

"जोडाक्षरं राहिलीत अजून," मी म्हणालो.

"लई हायेत का?"

"पुष्कळ."

"मंग जल्दी न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी पाटी मांडीवर ओढून घेतली.