डुक्कर फियाटचा मूळ मालक

प्रभादेवीपासून भोईवाड्यापर्यंतचे गुन्हेगार ज्याच्या नावानं चळाचळा कापतात, असा शोधतज्ज्ञ एकच: जयवंत आचरेकर! हे वाक्य जयवंतरावांनी स्वतःच रचून आपल्या व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं होतं. खाली बारीक अक्षरात ‘दुपारी एक ते चार झोप’ असंही होतं, आणि खरं सांगायचं तर कार्डावरची तेवढीच गोष्ट कोर्टात टिकली असती. आजवरची त्यांची सर्वांत गाजलेली केस म्हणजे मंडपाबाहेरून गेलेली त्यांची स्वतःची चप्पल. अकरा दिवस तपास झाला, तीन शेजाऱ्यांशी अबोला धरून झाला, आणि चप्पल घरातच खाटेखाली सापडली. साहेब त्या दिवशी अनवाणीच गेले होते.

यंदाची केस मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. चाळीमागच्या गॅरेजातल्या निमेशनं भंगारातून उचललेली डुक्कर फियाट तीन वर्षं खपून उभी केली होती. पंचावन्न सालची गाडी, पुढची दारं उलटी उघडणारी, वर आता झकास पांढरा रंग. रविवारी त्याच्या बहिणीचं, रुचिकाचं लग्न. तिची पाठवणी याच गाडीतून करायची म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि लग्न चार दिवसांवर आलं असताना त्याचा बाप रघू कोळी अडून बसला.

“कुनाची गाडी ठावं नाय. कोन मेला असंल तिच्यात, कुनाला म्हायती? मालक कोन ते कलल्याबिगर माजी पोर तिच्यात बसनार नाय.”

गाडीच्या कागदावर नाव भंगारवाल्याचं. त्याआधीची पानं वाळवीनं खाल्लेली.

“काका, कायपण करा, मालक शोधा,” निमेश रडकुंडीला आला होता. “रुचिका टॅक्सी बघायला लागली, यार. तीन वर्षं काय झक मारली मी?”

जयवंतरावांना अगदी भरून आलं. आजवर कुणी त्यांच्याकडे आपणहून आलंच नव्हतं. त्यांनी भिंग काढलं आणि गाडीत डोकं घातलं.

पुरावे दोन निघाले. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथे, पत्र्यात बुजवलेली दोन भोकं. आणि डिकीच्या कोपऱ्यात ग्रीस बसून काळाठिक्कर पडलेला एक स्टीलचा तांब्या.

“स्मगलर!” जयवंतराव गरजले. “चालत्या गाडीतून सोन्याची बिस्किटं खाली सोडायची. मागून दुसरा वेचत येणार.”

“काका, त्या भोकातून बिस्किट नाय जाणार. शेंगदाणा जाईल.”

“मग संस्थानिक. राणीसाहेबांच्या पायाला वारा लागावा म्हणून.”

“आणि राणी स्टीलच्या तांब्यातून पाणी प्यायची?”

तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. काळ्या थरातून तेवढंच दिसत होतं: ‘भिवा मनू परब’. जयवंतरावांनी मांडीवर थाप मारली. संपली केस! निमेश तांब्या पुसायला गेला तर त्याच्या हातावर त्यांनी फटका मारला. पुरावा पुसायचा नसतो, हा शोधशास्त्राचा पहिला नियम. दुसरा त्यांना अजून सुचायचा होता.

भिवा परब पलीकडच्याच चाळीत राहायचे. वय शहाऐंशी, पेज भुरकत बसले होते.

“भिवाआबा, कबूल करा. फियाट तुमचीच.”

“माझी?” आबांना ठसका लागला. “अरे मेल्या, माका सायकल चलवूक येणा नाय! जन्मभर मिलात चलत गेलंय.”

“तांब्यावर नाव आहे तुमचं!”

“असतला. असले पंधरा-वीस तांबे मी वाटलंय. कोणाचा लगीन इला की मी आपलो तांब्यो दी. घेतलेल्यांची नावा आता माका आठवाची कशी?”

जयवंतराव मान खाली घालून घरी आले. तांब्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फळीवर ठेवला आणि बायकोला, लक्ष्मीबाईंना, बजावलं, “हात लावू नकोस.” मग कार्डावरची वेळ पाळायला आडवे झाले.

जाग आली तेव्हा मोरीत घासणीचा आवाज येत होता.

“अगं! पुरावा!”

“ओ, घरात किटलेलं भांडं ठेवणार नाही मी,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. “अहो, वाचा हे.”

घासलेल्या तांब्यावर नावापुढचा मजकूर लख्ख उमटला होता: ‘यांजकडून चि. जयवंतच्या लग्नात सप्रेम भेट’.

जयवंतरावांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल,” लक्ष्मीबाई कडाडल्या. “छत्तीस वर्षं या तांब्यापायी मी तुमच्या बहिणीवर संशय घेतला! वरातीत गाडी तापली, तेव्हा हाच घेऊन पाण्याला पळाला होतात ना? आणि गाडीतच विसरलात! शिवा मास्तरांची गाडी ती, ड्रायव्हिंग शिकवायची. मास्तर शेजारी बसायचे, त्यांच्या पायाशी जादा क्लच-ब्रेक होते. रविवारी गाडी लग्नाला द्यायचे.”

“पण ती हिरवी होती!”

“रंग देतात हो गाड्यांना!”

वरातीत दोन तास त्या गाडीत बसूनही ती ओळखता आली नाही, याचं कारण शोधतज्ज्ञांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते फक्त आरशात स्वतःला बघत होते.

संध्याकाळी लक्ष्मीबाईंनी रघूला गॅरेजात बोलावून सगळं सांगितलं. शिवा मास्तर हयात होते, कणकवलीत नव्वदीतही रिक्षावाल्यांना शिव्या देत होते. गाडीत मेलं कुणीच नव्हतं, नापास मात्र पुष्कळ झाले होते. रघूच्या कपाळावरची आठी काही जाईना. निमेशनं स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

“वहिनी, तुमी हिच्यातनंच सासरी आलात?”

“आले.”

“ह्या मानसाबरोबर?”

“याच.”

“आनि छत्तीस वर्सं टिकलात?”

“टिकले बाबा.”

रघूनं जयवंतरावांना डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट न्याहाळलं. मग गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि निमेशला म्हणाला, “टॅक्सी नको सांग रुचिकाला. लय गुनाची गाडी हाय.”