हिरड्या सुजेनात

डॉक्टर शुभाच्या सासऱ्यांच्या हिरड्या काही केल्या सुजत नव्हत्या, आणि घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत ही मोठी आनंदाची बातमी होती.

शुभा दंतमहाविद्यालयात संशोधक. हिरड्यांना सूज का येते आणि शरीर तिच्याशी कसं लढतं, हा तिचा अठरा वर्षांचा ध्यास. तेवढ्या वर्षांत केस पिकले, पण नाव घेण्यासारखं काही हाती लागलं नव्हतं. यंदाच्या प्रयोगात दहा माणसांनी एकवीस दिवस दात घासायचे नव्हते; सूज कशी चढते ते मोजायचं होतं. ऐन वेळी एक जण गळाला, तेव्हा सासरे दत्ताराम स्वतःहून पुढे झाले. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं एक खाडा न केलेला, शब्दाचा पक्का माणूस.

नऊ जणांच्या हिरड्या लालबुंद झाल्या. दत्तारामांच्या विसाव्या दिवशीही गुलाबी. विभागप्रमुख देवव्रत सरांनी तर सोमवारच्या परिषदेत शुभाचं भाषणच लावून टाकलं. सुजेला दाद न देणारा माणूस, तोही घरातच! काखेत कळसा म्हणतात तो हाच, असं म्हणत शुभाने भाषणासाठी नवी साडी घेतली.

रविवारी ती एरवीपेक्षा लवकर उठली, तर दत्ताराम मोरीत बोटाने, मीठ लावून, खसाखसा दात घासत होते.

"बाबा, घासायचे नाहीत असं ठरलं होतं ना?"

"ता तुझ्या कामासाठी गो. ह्या देवासाठी. पारोश्या तोंडान देवाक हात कसो लावू?"

त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. पूजा आटोपली की दिवसभर ते नियम इतका कडक पाळत, की जेवणानंतर चूळसुद्धा भरत नसत.

हे कुणालाही कळलं नसतं. शुभा तासभर फोन हातात धरून बसली. मग तिने सरांना सगळं सांगितलं, भाषण रद्द झालं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

दत्ताराम ओशाळले. परत एकवीस दिवस करू म्हणाले, पण तोवर पूजा सुनेने करायची. शुभाने आजवर देव्हाऱ्यातलं निरांजनही लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती आंघोळ करून पाटावर बसू लागली आणि दत्ताराम चार हात लांबून, तोंडावर पंचा धरून, तिच्या चुका काढू लागले.

एकविसाव्या दिवशी तिने बॅटरी मारून त्यांचं तोंड तपासलं.

"सुजल्यो काय गो?"

"सुजल्या, बाबा. चारचौघांसारख्याच."

शुभाने वहीत दहावा आकडा लिहिला. तो इतर नऊ आकड्यांसारखाच होता. असा साधा, खरा आकडा लिहिताना डोळे भरून येतील, असं तिला वाटलं नव्हतं.