भाऊजी माऊस दुरुस्त करतात

धाकटीच्या मुलाखतीला पाव तास उरला असताना भाऊजींनी बाह्या सरसावल्या, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांना खोलीबाहेर काढून कडी लावायला हवी होती. नोकरी होती वयस्कर माणसांना संगणक शिकवण्याची. दोन वर्षं ताई-भाऊजींकडे राहून कंटाळलेल्या धाकटीला ती काहीही करून हवी होती.

मुलाखत ऑनलाइन होती, म्हणून ती वेळेआधीच संगणकावर मुलाखतीची खिडकी उघडून बसली. नवा यूएसबी हेडफोन जोडला आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. माऊस काढून पुन्हा लावला, तर बाण हलला, पण हेडफोन खरखरायला लागला. दोन्ही एकाच हबमध्ये, एका भोकाची चार करणाऱ्या डबीत, खोचलेले होते. हब अर्थातच भाऊजींनी भेट दिलेला, म्हणजे बाजारातला सगळ्यात स्वस्त.

"भाऊजी, हबला दोघांचा भार झेपत नाहीये. माऊस सरळ संगणकाला लावते."

"थांब! आधी रोगाचं मूळ शोधायचं. आमच्या ऑफिसात माझ्याशिवाय प्रिंटरचं पान हलत नाही." ऑफिसातली माणसं त्यांना येताना पाहून प्रिंटर बंद करून टाकत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," भाऊजी म्हणाले. सेटिंगची भलीमोठी खिडकी उघडून त्यांनी यादीतून माऊसच काढून टाकला. बाण गायब झाला.

"आता परत आणा त्याला," ताई म्हणाली.

"आणतो की. इथं फक्त क्लिक करायचं..."

"कशानं?"

भाऊजींनी माऊस टेबलावर दोनदा घासून पाहिला.

"अहो, किल्ली आत ठेवून कुलूप लावलंत!"

भाऊजींनी माऊस उपटला, उलटा केला आणि त्याच्या पोटात फुंकर मारली. धाकटीला रडू यायचं बाकी होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, एका नळाला दोन पाइप लावले तर धार कशी येईल?"

"बारीक."

"मग हबमधून वीज कशी येईल?"

"पण इथं पाणी कुठंय?"

तिनं पुन्हा समजावलं. मग आणखी एकदा. शेवटी भाऊजी उजळले. "म्हणजे माऊस सरळ संगणकाला लावायचा! मी मघापासून हेच म्हणतोय."

माऊस लागला, बाण परतला. धाकटीनं सेटिंगची खिडकी बंद केली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्यामागे पडद्यावर मुलाखत घेणारे तिघं बसलेले दिसत होते. माऊस उपटल्याबरोबर हेडफोनचा माईक ठणठणीत झाला होता. तिनं घाईघाईनं हेडफोन कानाला लावला.

"माफ करा, मॅडम, जरा अडचण..."

"ऐकलं आम्ही," मधल्या बाई म्हणाल्या. "तीन वेळा समजावलंत, आवाज न चढवता. आमचे विद्यार्थी यांच्यापेक्षा पुष्कळ सोपे असतात. सोमवारपासून या."

धाकटीनं बातमी सांगताच भाऊजींनी कॉलर ताठ केली. "बघितलंस? माझ्यामुळे लागली तुला नोकरी!"

जन्मात पहिल्यांदाच भाऊजी खरं बोलले होते.

"तू जाशील गं सुटून," ताई कपाळावर हात मारत म्हणाली. "मला हे मरेपर्यंत ऐकायचंय."